हळू केलेला आवाज

अप्पांच्या कानात कानमणी बसून वर्ष झालं होतं, आणि तेव्हापासून गल्लीत त्यांना चुकवून काही बोलायची सोय उरली नव्हती. समोरच्या चहाच्या टपरीवर इस्माईलचाचा मोमीन गिऱ्हाइकाला हळूच म्हणाले, "बुगड आता थकला," की अलीकडच्या कट्ट्यावरून अप्पांचं उत्तर जायचं, "आन् तुला काय आत्ता मिसरूड फुटालंय व्हय रे?" मग दोघंही हसायचे.

शिवानंद बुगड, म्हणजे अप्पा, यांनी उभा जन्म इचलकरंजीतल्या यंत्रमागांवर जॉबर म्हणून काढला होता. बिघडलेला माग खोलायचा, जोडायचा, पुन्हा चालता करायचा. मागांच्या खडखडाटात आणि धोट्याच्या फटक्यांत त्यांचे कान चाळिशीच्या आतच गेले. घरात बोलायचं म्हणजे त्यांच्या कानाशी जाऊन ओरडायचं, हीच रीत पडून गेली होती. बायको गेल्यावर ते आणि शेजारच्या घरात राहणारी त्यांची थोरली बहीण सुंदरा, एवढेच उरले. मग कानमणी आला आणि अप्पा पुन्हा माणसांत आले.

हा कानमणी पुण्यातल्या ज्या कंपनीत तयार झाला, तिथंच त्यांची मुलगी केतकी काम करत होती. कानमणी दिसायला चिंचोक्याएवढा. तो भोवतालचा सगळा आवाज खिशातल्या फोनमार्फत कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो. सर्व्हर त्या गलक्यातून एकेक आवाज सुटा करतो, हवे ते पुढं आणतो, नको ते मागं ढकलतो आणि पापणी लवायच्या आत सगळं परत कानात सोडतो. सर्व्हरवरच्या त्या प्रोग्रामचा बराचसा भाग केतकीच्या हातचा होता. म्हणून मार्चमधल्या त्या शनिवारी जे घडलं ते तिच्या जास्तच जिव्हारी लागलं.

ती सकाळच्या गाडीनं आली होती, एक गोष्ट सांगायला. ती कशी सांगायची याची जुळवाजुळव तिनं वाटभर केली होती. अप्पा स्वयंपाकघरात पाटावर बसले होते. केतकीनं चहाचं आधण ठेवलं आणि त्यांच्याकडे पाठ असतानाच बोलून टाकलं.

"अप्पा, मी एक मुलगी दत्तक घेतेय."

"साखर बेतानं टाक," अप्पा म्हणाले.

ती वळली. अप्पा तिच्या ओठांकडे बघत होते, पूर्वी बघायचे तसे. "काय म्हटलीस?"

"काही नाही."

तेवढ्यात बाहेरच्या दारातून सुंदराआत्यानं विचारलं, "शिवा, दळण आणलास काय?" मध्ये दोन भिंती होत्या. अप्पांनी बसल्या जागेवरून सांगितलं, "आणलंय की. माळ्याखाली डब्यात हाय बघ."

केतकीनं चहा गाळला. आत्याचा आवाज ऐकू येतो, इस्माईलचाचांचा येतो, रस्त्यावर भाजीवाल्यानं वांग्याचा भाव सांगितला तोही येतो. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या मुलीचा तेवढा येत नाही. दिवसभर तेच चाललं. ती बोलली की अप्पा कपाळाला आठ्या घालून तिच्या तोंडाकडे बघत, आणि दोन-तीनदा "काय?" विचारून झालं की मान हलवून गप्प बसत.

तीन वर्षांपूर्वी केतकी नवऱ्याच्या घरातून बाहेर पडली होती. त्याच दुपारी तिनं अप्पांना फोन केला. तेव्हा कानमणी नव्हता. तिनं फोनमध्ये ओरडून सांगितलं, "अप्पा, मी घर सोडलंय. परत जाणार नाही." अप्पा म्हणाले होते, "बरं." एवढंच. पुढं रीतसर घटस्फोट झाला, तरी त्या विषयावर दोघांत एक शब्द झाला नव्हता. ते 'बरं' केतकीनं तीन वर्षं मनात घोळवलं होतं. त्यात राग होता की लाज होती की नुसता कंटाळा, याचा तिला पत्ता लागला नव्हता.

जेवणं झाल्यावर ती जवळ जाऊन मोठ्यानं म्हणाली, "फोन द्या जरा. कानमणीत बिघाड दिसतोय." अप्पांनी फोन काढून दिला आणि कानमणी डबीत ठेवून ते आडवे झाले.

या फोनमध्ये काय होतं ते सांगायला हवं. त्याआधी काही वर्षं लोकांच्या शरीराची माहिती मोठमोठ्या साठ्यांतून चोरीला जायचे प्रकार फार झाले होते. कुणाचं हृदय कमजोर, कुणाला रात्री झोप नाही, सगळं बाजारात. शेवटी कायदा आला. लोक त्याला विसर कायदा म्हणत. काम संपलं की सर्व्हरनं माणसाच्या शरीराविषयीचं सगळं विसरायचं, जवळ काही ठेवायचं नाही. म्हणजे सर्व्हरला दर वेळी समोरचा माणूस नवाच. मग अप्पांना कुणाचा आवाज पुढं हवा हे त्याला कळायचं कसं?

उत्तर जुनंच सापडलं, इंटरनेटच्या बाळपणातलं. कुकी. सर्व्हर फोनमधल्या ब्राउझरला एक छोटी पुडी देतो आणि म्हणतो, ही तुझ्यापाशी ठेव, पुढच्या वेळी येताना घेऊन ये. ब्राउझर दर खेपेला ती पुडी पुढं करतो. सर्व्हर ती उघडतो, वाचतो, काम करतो, नवीन काही शिकला असेल तर त्यात भर घालतो, पुन्हा बांधून परत देतो आणि सगळं विसरून जातो. माणसाची माहिती माणसाच्याच खिशात राहते.

पुडीत जे बांधायचं, ते मात्र आधी बांधण्याजोगं करावं लागतं. सर्व्हर काम करत असतो तेव्हा त्याच्या स्मृतीत अप्पांच्या ऐकण्याचा एक अख्खा सांगाडा उभा असतो: कुठकुठले आवाज, त्यांच्या खुणा, कोणाला किती पुढं आणायचं त्याचे आकडे, सगळं एकमेकांत गुंतलेलं. प्रोग्राम लिहिणारे त्याला ऑब्जेक्ट म्हणतात. उभा माग जसा शेडच्या दारातून बाहेर काढता येत नाही, तसा हा ऑब्जेक्ट उभाच्या उभा पाठवता येत नाही. जुना माग विकला गेला की अप्पा तो खोलायचे, एकेका भागावर खडूनं खूण करायचे, ओळीनं टेम्पोत रचायचे आणि दुसऱ्या शेडमध्ये त्याच क्रमानं पुन्हा उभा करायचे. सिरियलायझेशन म्हणतात ते हेच. ऑब्जेक्ट खोलायचा, त्याची अक्षरांची एक सरळ ओळ करायची, आणि पलीकडे ती ओळ वाचून तो पुन्हा जसाच्या तसा उभा करायचा. कॉलेजात हा धडा शिकवला तेव्हा वर्गात सगळ्यांत आधी तो केतकीला समजला होता.

एकच अडचण होती. कुकी फार लहान असते. जेमतेम चार हजार अक्षरं मावतात. त्यामुळे प्रत्येक आवाजाच्या वाट्याला एक आखूड खूण आणि शून्य ते एकच्या मधला एक आकडा, एवढंच यायचं. आवाज कुणाचा आणि किती पुढं आणायचा. का, हे लिहायला जागा नव्हती.

पुडीवर सर्व्हरचा गुप्त शिक्का असायचा. बाहेर कुणी त्यातलं एक अक्षर जरी बदललं तरी शिक्का जुळायचा नाही आणि सर्व्हर ती पुडी फेकून द्यायचा. वाचायला मात्र कायद्यानं मुभा होती. आपलं आपण कुणीही वाचावं. पण उघडून बघितलं तर दिसायची ती गिचमिड अक्षरांची लांबच लांब ओळ, आणि ती वाचण्याच्या भानगडीत कुणी पडत नसे.

केतकीनं ती ओळ लॅपटॉपवर घेतली आणि उलगडली. आवाजांना नावं नव्हती, नुसत्या खुणा होत्या. तिनं स्वतःच्या आवाजाचा नमुना देऊन कुठली खूण जुळते ते बघितलं. जुळली. सगळ्यांत खालची. तिच्या पुढचा आकडा होता शून्य पूर्णांक शून्य सहा.

पिठाच्या गिरणीचा आकडा त्याच्या वर होता. गल्लीतल्या कुत्र्यांचा त्याच्याही वर.

ती पडद्याकडे बघत बसली. कानमणीवर बोटानं टिचकी मारली की समोरचा आवाज हळू होतो, हे ती जाणून होती. पुन्हा पुन्हा मारली तर कानमणी ते लक्षात ठेवतो. म्हणजे अप्पांनी तिच्या आवाजावर टिचक्या मारल्या होत्या. वर्षभर, फोनवर, समोरासमोर. इतक्या, की तिचा आवाज घरातल्या घरात पुसून गेला होता. त्या 'बरं'चा अर्थ आता तिला कळला, असं तिला वाटलं.

शिक्क्याची किल्ली तिच्या लॅपटॉपवर होती. बिघडलेल्या पुड्या तपासण्यासाठी ती कंपनीतल्या मोजक्या लोकांना दिलेली असे. केतकीनं सहाच्या जागी नव्वद केलं, ओळ पुन्हा बांधली, शिक्का मारला आणि अप्पांच्या फोनमध्ये ठेवून दिली. दुसऱ्या कुणी कुणाच्या पुडीला असा हात लावला असता तर तिनंच सगळ्यांत आधी तक्रार केली असती. हे तिला ते करतानाही माहीत होतं.

अप्पा उठले, कानमणी कानात घातला. "चहा टाकू?" केतकीनं नेहमीच्या आवाजात विचारलं.

अप्पा दचकले. "एवढं वरडतीस कशाला? टाक की." आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं. "आज चांगलं ऐकू यायलंय गं तुझं. केलीस काय दुरुस्ती?"

"केली."

ती संध्याकाळ फार छान गेली. दोघं कट्ट्यावर बसली. केतकीनं ऑफिसातल्या गमती सांगितल्या, पुण्यातल्या घराच्या गच्चीवर लावलेल्या दोडक्याच्या वेलाबद्दल सांगितलं, आणि अप्पा खो खो हसत होते, मध्येच काही विचारत होते. असं हसताना तिनं त्यांना लहानपणी बघितलं होतं. तरी मुलीची गोष्ट तिनं काढली नाही. हे हसू तिनं चोरून आणलंय असं तिला वाटत होतं, आणि चोरीच्या हसण्यावर एवढी मोठी गोष्ट ठेवायला मन होईना.

रविवारी दुपारी अप्पा सूप पुढ्यात घेऊन शेंगा फोडत बसले होते. केतकी म्हणाली, "मी पाचच्या गाडीनं जाईन म्हणते."

अप्पांनी तिच्या ओठांकडे बघितलं. "काय म्हटलीस?"

तिला वाटलं, झालं, मारली टिचकी. तिनं फोन मागून घेतला, लॅपटॉपला जोडला. नव्वदचे एक्केचाळीस झाले होते. फोन तसाच जोडून ठेवून ती मुद्दाम बोलत राहिली, गाडीबद्दल, उन्हाबद्दल, आत्याच्या गुडघ्याबद्दल. अप्पा ऐकायची शिकस्त करत होते, चेहरा सगळा तिच्याकडे. दोन्ही हात शेंगांत. कानाकडे बोटही गेलं नाही. आणि तरी पडद्यावरचा आकडा तिच्या डोळ्यांदेखत उतरत होता. एकोणचाळीस. छत्तीस.

मग हळू कोण करतंय?

तिनं सर्व्हरचा प्रोग्राम उघडला आणि ती जागा शोधून काढली. कानाच्या आतल्या भिंतीवर कानमणी एक बारीकसा उजेड टाकतो आणि त्यावरून नाडी मोजतो. एखादा आवाज आला की दर वेळी नाडी उसळते, असं दिसलं तर सर्व्हर समजतो की या आवाजाचा माणसाला त्रास आहे, आणि तो आवाज थोडा थोडा मागं सारतो; नाडी शांत राहिली तर पुढं आणतो. हा नियम तिच्या बरोबरच्या सलीलनं लिहिला होता, हॉर्ननं आणि लाउडस्पीकरनं हैराण झालेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी. केतकीनंच तो तपासून पुढं पाठवला होता. चांगली कल्पना आहे, असा शेरा मारून.

ती अप्पांच्या समोर जाऊन बसली, अगदी जवळ.

"अप्पा, मी बोलायला लागले की तुमच्या छातीत धडधडतं का?"

अप्पांचा हात थांबला. "कोन म्हनतं?"

"तुमचा कान म्हणतोय."

त्यांनी आणखी दोन शेंगा फोडल्या. दाणे सुपात टाकले. मग म्हणाले, "धडधडतं की. तुझा फोन आला, नाव दिसलं, की आधी हात छातीवर जातो. काय झालं असंल, कुठं असंल. समोर आलीस की बी तेच. तोंड उघडलंस की वाटतं, आता काय सांगती."

"मला वाटलं, तुम्हाला माझं ऐकायचंच नाही."

"आसं कसं वाटलं?"

"त्या दिवशी मी फोन केला. घर सोडलं म्हणून सांगितलं. तुम्ही नुसतं बरं म्हणालात."

अप्पा पाणी प्यायले. पेला खाली ठेवून म्हणाले, "मला काय ऐकू आलं ते सांगू? 'घर' आलं आन् 'परत' आलं. बाकीचं काय न्हाई आलं. मला वाटलं, घरी परत येतीस. म्हनून बरं म्हटलं. सांजच्याला स्टँडवर जाऊन बसलो, पुण्याच्या सगळ्या गाड्या बघितल्या. शेवटची गेल्यावर घरी आलो. मग दोन दिसांनी सुंदरानं सांगितलं, खरं काय झालं ते."

"मग मला विचारलं का नाहीत?"

"इचारून काय करू? तू सांगत बसली असतीस आन् मला निम्मंच कळलं असतं. परत काहीतरी भलतंच बोललो असतो. त्यापेक्षा गप बरं."

केतकीला रडू आलं. तिनं ते आवरलं नाही. अप्पांनी सूप बाजूला सारलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला शेंगांची माती होती.

जरा वेळानं तिनं कालची गोष्ट सांगितली. आकडा, किल्ली, शिक्का, सगळं. अप्पांच्या कपाळावर आठी उमटली.

"म्हंजे न इचारता माझ्या कानात हात घातलास."

"हो."

"दुसऱ्याच्या मागाचा साधा नट ढिला करायचा झाला तरी आमी मालकाला इचारत होतो, केतकी. मागितलं असतंस तर दिला असता की कान."

"चुकलं माझं."

"हां." ते थोडा वेळ धुसफुसत बसले. मग उत्सुकता वरचढ झाली. "दाखव तरी, काय काय लिवलंय त्यात."

मग दोघं लॅपटॉपपुढं बसली. एकेका खुणेचा आवाज जेव्हा गल्लीतून यायचा तेव्हा ती ओळ पडद्यावर उजळायची. अप्पा ओळखून सांगायचे. हा इस्माईल. ही गिरणी. सुंदराआत्याची ओळ उजळली. आकडा बराच खाली होता.

"आत्यासाठीपण धडधडतं?" केतकीनं विचारलं.

"छ्या. ते मी करतो, बोटानं. दोन भिंतींपलीकडनं ऐकू येती ती. फुल्ल आवाजात सोडली असती तर काय झालं असतं?"

सगळ्यांत वर, एकच्या अगदी जवळ, एक ओळ एकसारखी उजळलेली होती. कुणाचा आवाज ते केतकीला उमगेना, कारण कुणी बोलत नव्हतं. अप्पांनी कान टवकारला. गल्लीच्या टोकाच्या शेडमध्ये माग चालू होते. त्या आवाजात त्यांची नाडी सगळ्यांत शांत चालत होती. त्या आवाजानंच त्यांचे कान नेले होते. अप्पा त्या ओळीकडे बघत राहिले, मग नुसते हसले.

तिथंच, लॅपटॉप उघडा असतानाच, केतकीनं त्यांना मुलीबद्दल सांगितलं. ती बोलू लागली तसा तिचा आकडा भराभर घसरायला लागला. ती थबकली.

"पडू दे तो," अप्पा तिच्याजवळ कान नेत म्हणाले. "तू सांग. कितवं वर्ष हाय तिला?"

"अडीच पूर्ण झाली. जालन्याच्या बालगृहात आहे. गौतमी नाव आहे."

"बोलती?"

"थोडं थोडं."

"एकटीच्यानं निभंल?"

"तेच विचारायला आले होते, अप्पा. एकटीनं करायचं नाहीये मला."

सोमवारी ऑफिसात केतकी आधी विभावरी मॅडमकडे गेली. त्या कंपनीच्या तांत्रिक कामाच्या प्रमुख होत्या, बोलायला तुटक आणि ऐकायला चांगल्या. किल्ली वापरल्याचं तिनं आधी कबूल केलं. मॅडमनी तिथल्या तिथं किल्ली काढून घेतली आणि लेखी ताकीद दिली. मग म्हणाल्या, "आता दुसरी गोष्ट सांग. त्यासाठीच आली आहेस ना?"

सलीललाही बोलावलं. केतकीचं ऐकून त्याचा चेहरा पडला, पण त्यानं बाजू सोडली नाही. "नियम काढून टाकला तर हजारो लोक पुन्हा हॉर्नच्या तावडीत सापडतील. आणि आपल्याकडे तक्रारी किती आहेत? नाहीतच जवळजवळ."

"जे ऐकूच येत नाही त्याची तक्रार कोण करणार, सलील?"

तो म्हणाला, "पण 'का' लिहायला कुकीत जागा नाही, हे तुलाच सगळ्यांत जास्त माहितीये."

"सगळं 'का' नको. एकच अक्षर हवं. हा आवाज बोटानं हळू केला की नाडीनं. माणसानं की आपण."

एका अक्षरासाठी दोघं कितीतरी दिवस झटली. सलीलनं आवाजाच्या खुणा आणखी आखूड बांधायची युक्ती काढली आणि प्रत्येक आवाजामागे एका अक्षराची फट मिळाली. प्रश्न उरला आधीच लोकांच्या फोनमध्ये असलेल्या जुन्या पुड्यांचा. त्यांत हे अक्षर नव्हतंच. नवा सर्व्हर जुनी पुडी उघडणार, सांगाडा उभा करणार आणि त्याला एक भाग कमी सापडणार. अशा वेळी बहुतेक प्रोग्राम काहीतरी अंदाज धरून पुढं जातात. केतकी म्हणाली, अंदाज नको, मालकाला विचारू. आणि विचारायचं ते त्याच क्षणी, तो आवाज समोर असताना. आवाज साठवून ठेवता येत नव्हता, त्यामुळे दुसरा मार्गही नव्हता. कानात बारीक किणकिण होईल आणि फोनवर साधा प्रश्न येईल: आत्ता जे बोलत आहे, त्याचा आवाज आम्ही हळू केला आहे. तसाच ठेवू? आणि इथून पुढं कुठलाही नवा आवाज मालकाला विचारल्याशिवाय हळू करायचा नाही.

विभावरी मॅडम ते वाचून म्हणाल्या, "घराघरांत भांडणं लावशील."

"काही घरांत लागतील," केतकी म्हणाली.

लागलीही. नवा प्रोग्राम सुरू झाला त्या महिन्यात कंपनीकडे पत्रांचा ढीग आला. एका गृहस्थांनी कानमणी परत पाठवून दिला. कारण कळवलं नाही. अकोल्याच्या एका बाईंनी लिहिलं, प्रश्न आला तेव्हा समोर माझा भाऊ बोलत होता, मी 'तसाच ठेवा' म्हटलं आणि मला त्याचं बिलकूल वाईट वाटत नाही. साताऱ्याच्या एका आजोबांनी लिहिलं की त्यांचा मुलगा पोलिसात आहे, तो बोलायला लागला की कान बंद पडतो म्हणून त्यांनी दोनदा कानाचा डॉक्टर बदलला होता. आता कान बरा आहे, तुमच्या डॉक्टरांना आमचा नमस्कार सांगा. ते पत्र सलीलनं आपल्या टेबलासमोर चिकटवलं आणि पुष्कळ दिवस तिथंच राहू दिलं.

इकडे दत्तकाची कामं चालली होती. समाजसेविका पाटणकर बाई केतकीचं घर बघायला पुण्याला आल्या त्या दिवशी अप्पाही येऊन राहिले होते. बाईंनी त्यांना विचारलं, "आजोबा, तुमची मुलगी एकटी आहे. तुम्हाला काळजी नाही वाटत?"

"वाटती की," अप्पा म्हणाले. "लई वाटती. म्हनून तर हितं येऊन राहनार हाय, वरसातनं सा महिने." केतकीला हे ठाऊक नव्हतं. अप्पांनी ते तिला सांगितलंच नव्हतं.

बाईंनी काहीतरी टिपून घेतलं आणि चहा मागितला.

गौतमी घरी आली ती गणपतीच्या आधी. पहिले काही दिवस ती पलंगाखालीच बसून असे. बोलत नसे, रडतही नसे, नुसती बघे. अप्पा पलंगाजवळ जमिनीवर बसून राहत. हाक मारत नसत. फक्त बसून लसूण सोलत, पेपर वाचत, पाय चेपत.

एका सकाळी ती आपण होऊन बाहेर आली, धावत गॅलरीत गेली आणि उंबऱ्याला अडखळून पडली. आणि मग तिनं जो आवाज काढला तो खालच्या मजल्यावरची माणसं बघायला वर येतील असा होता. केतकी आतून पळत आली तोवर अप्पांनी तिला उचललं होतं. हनुवटी फुटली होती, फार नाही. अप्पा ती रुमालानं टिपत होते.

त्यांच्या कानात किणकिण झाली आणि खिशातला फोन थरथरला.

"ह्यो काय म्हनतोय बघ," अप्पा म्हणाले. "माझे हात गुंतलेत. घे काढून, बघ."

केतकीनं त्यांच्या खिशातून फोन काढला. "विचारतोय, या नव्या आवाजानं तुमची नाडी वाढतेय. हळू करू का?"

"म्हनावं, धडधडनारच. धडधडू दे. तू आवाज हाय तसा ठेव." गौतमी त्यांच्या कानाशीच किंचाळत होती. अप्पांनी डोळे मिटून घेतले, पण मान मागं घेतली नाही. "दाब की गं. काय बघत बसलीस?"

केतकीनं दाबलं.

थोड्या वेळानं गौतमीचं रडं ओसरलं. हुंदके देता देता तिला अप्पांच्या कानातला चिंचोका दिसला. तिनं तो बोटानं चाचपला, मग ओढू लागली. अप्पांनी कानमणी काढून तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो उलटासुलटा करून बघितला, आणि इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम बाहेर पडावं तशी ती काहीतरी लांबलचक सांगायला लागली, हातवारे करत, मध्येच हनुवटीला हात लावत.

अप्पांना त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. ते तिच्या ओठांकडे बघत होते आणि दर वाक्याला मान हलवत होते. "व्हय. व्हय. मग?"

"काय सांगती?" त्यांनी केतकीला विचारलं.

केतकी त्यांच्यापाशी खाली बसली, तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि मोठमोठ्यानं सांगू लागली.